देशाच्या समुद्राचा आराखडा कसा करायचा: सागरी क्षेत्र नियोजन, पायरी पायरीने

समुद्राला सातबारा नसतो, सगळी भानगड तिथूनच सुरू होते. एकाच चौरस किलोमीटर पाण्यात वरून मालवाहू जहाजं जातायत, मधल्या पाण्यात कुणाची तरी जाळी आहेत, तळावर इंटरनेटची केबल आहे, तळाखाली गॅस असू शकतो आणि आता कुणाला तरी नेमक्या तिथेच पवनचक्क्या उभ्या करायच्यात. या प्रत्येक गोष्टीची परवानगी वेगळं खातं देतं, मासेमारीचं एक, बंदरांचं दुसरं, ऊर्जेचं तिसरं, आणि एका खात्याने काय देऊन टाकलंय हे दुसऱ्याला कळतं तेव्हा प्रकरण बरेचदा भांडणावर आलेलं असतं. हे सगळे लोक आणि त्यांची सगळी माहिती एका टेबलावर आणायची, आणि कुठे काय चालेल, कुठे नाही, कोणत्या महिन्यात चालेल, वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, हे आधीच ठरवून ठेवायचं, यालाच सागरी क्षेत्र नियोजन म्हणतात.

हा लेख ज्यांना या कामात प्रत्यक्ष पडायचंय त्यांच्यासाठी आहे, म्हणजे सरकारी खात्यातले लोक, अभ्यास करणारी पोरं, मच्छीमार संघटनांचे कार्यकर्ते, पर्यावरणवाले, कुणीही. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण पुढे प्रत्येक पायरीवर ती आडवी येणार आहे: नकाशावर जी जागा रिकामी दिसते ती बहुतेक वेळा रिकामी नसते, तिथे काम करणाऱ्यांची नोंद कुणी ठेवलेली नसते एवढंच. देशाचा आराखडा न्याय्य होणार की नाही हे बऱ्याच अंशी इथेच ठरतं.

आधी थोडा इतिहास, कारण त्याच चुका परत होतात

सुरुवात मानायची तर ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफपासून. तिथे १९७५ ला कायदा झाला आणि त्यातून समुद्राचे झोन पाडायची पद्धत आली, कुठे मासेमारी चालेल, कुठे फक्त पर्यटन, कुठे काहीच नाही. तेव्हा उद्देश प्रवाळ वाचवणं एवढाच होता. मग १९८२ चा समुद्र कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार आला (लागू झाला १९९४ ला) आणि किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैल प्रादेशिक समुद्र आणि २०० नॉटिकल मैलांपर्यंत आर्थिक क्षेत्र (जिथल्या साधनसंपत्तीवर त्या देशाचा हक्क) हे गणित पक्कं झालं. अनेक देशांच्या हातात अचानक जमिनीपेक्षा मोठा समुद्र आला, काही बेटांच्या बाबतीत तर शेकडो पटींनी मोठा. सेशेल्सचंच बघा, लोकसंख्या जेमतेम लाखाच्या वर आणि समुद्र साडेतेरा लाख चौरस किलोमीटर.

चीनने २००१ मध्ये समुद्र वापराचा कायदा केला, तो २००२ पासून लागू झाला, त्यात तीन गोष्टी एकत्र बांधल्या: वापराचा हक्क सरकारकडून घ्यायचा, झोननुसारच वापरायचा, आणि वापराचे पैसे भरायचे. युरोपात मात्र खरा रेटा पवनचक्क्यांनी दिला. बेल्जियमचा समुद्र सगळा मिळून साधारण साडेतीन हजार चौरस किलोमीटर, त्यात जगातली अतिशय गजबजलेली जहाज वाहतूक, वाळू उपसा, नौदलाचा सराव, मासेमारी, त्यामुळे त्यांना २००३ पासूनच आखणी करावी लागली आणि २०१४ ला कायद्याने बंधनकारक आराखडा आला. जर्मनीने उत्तर समुद्र आणि बाल्टिकमधल्या आर्थिक क्षेत्रासाठी २००९ ला आराखडे केले आणि २०२१ ला सुधारले. नॉर्वे थोडं वेगळ्या वाटेने गेला, बॅरेंट्स समुद्रासाठी २००६ ला एकात्मिक व्यवस्थापन योजना, त्यात तेलाला कुठे मज्जाव हा गाभ्याचा प्रश्न. ब्रिटनने २००९ ला कायदा करून इंग्लंडचा समुद्र ११ भागांत विभागला, पण सगळ्या भागांचे आराखडे पूर्ण व्हायला २०२१ उजाडलं. बारा वर्षं! आपल्याकडे वेळ किती लागेल असं कुणी विचारलं तर हा आकडा सांगत जा.

२००९ लाच युनेस्कोच्या समुद्रशास्त्र आयोगाने दहा पायऱ्यांची मार्गदर्शिका काढली आणि ती जगभर वापरली गेली, आजही कुठल्याही देशाचा आराखडा उघडा, सांगाडा तिचाच दिसतो. युरोपियन युनियनने २०१४ मध्ये निर्देश काढला की समुद्रकिनारा असलेल्या सगळ्या सदस्य देशांनी ३१ मार्च २०२१ पर्यंत आराखडे करायचे. सगळ्यांना ते वेळेत जमलं नाही. आज शंभरच्या आसपास देशांत या ना त्या टप्प्यावर काम सुरू आहे, भारतानेही नॉर्वेच्या सहकार्याने पुदुच्चेरी आणि लक्षद्वीपमध्ये प्रायोगिक काम हाती घेतलं. २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता करारात तर पहिलंच उद्दिष्ट क्षेत्र नियोजनाचं आहे आणि तिसरं २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र संरक्षित करण्याचं. म्हणजे सुरुवात निसर्ग वाचवण्यापासून, मधे वीज आणि उद्योग, आता परत निसर्ग पण सोबत उद्योगही. या ओढाताणीत तुमचा देश नेमका कुठे उभा आहे हे आधी ओळखा, कारण आराखड्यासाठी पैसे कोण देतंय यावरून त्याचा कल ठरत जातो.

पायरी १: अधिकार कुणाचा, हे कागदावर आणा

बाकी काही करायच्या आधी हे. नकाशे करायला सगळ्यांना आवडतं, म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात, आणि तीन वर्षांनी सुंदर ॲटलास तयार होतो ज्याला कुणीच बांधील नसतं. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर ईस्टर्न स्कोशियन शेल्फचं काम १९९८ ला सुरू झालं, वर्षानुवर्षं बैठका झाल्या, मच्छीमार, तेल कंपन्या, सरकारं सगळे बसले, २००७ ला योजना छापून आली, पण मंत्र्याची औपचारिक मंजुरी काही मिळाली नाही आणि पुढे ते काम गुंडाळलं गेलं. लोकांचा गेलेला वेळ आणि त्याहून जास्त म्हणजे त्यांचा गेलेला विश्वास, तो कुठल्याच हिशोबात येत नाही.

अमेरिकेत २०१० ला राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने राष्ट्रीय सागरी धोरण आलं, देशाचे नऊ विभाग ठरले, ईशान्य आणि मध्य अटलांटिकचे आराखडे २०१६ च्या शेवटी मान्यही झाले, आणि २०१८ मध्ये पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी तो आदेशच रद्द केला. त्याच देशात मॅसॅच्युसेट्स राज्याने मात्र २००८ ला विधिमंडळात कायदा केला होता, तो सरकारं बदलली तरी टिकला. धडा उघड आहे: आदेशावर उभी केलेली गोष्ट आदेशाने जाते, कायदा मोडायला जास्त कष्ट पडतात.

तर या पायरीवर लिहून घ्यायच्या गोष्टी: आराखडा कोणतं खातं करणार, मंजूर कोण करणार, मंजूर झाल्यावर बाकीच्या खात्यांवर तो बंधनकारक आहे की नुसता सल्ला, आणि दोन खात्यांचं पटलं नाही तर निकाल कोण देणार. माझं स्पष्ट मत, हे काम मासेमारी किंवा ऊर्जा अशा एखाद्या क्षेत्राच्या खात्याकडे देऊ नये, कारण मग बाकीचे त्याला त्या खात्याचाच कागद समजतात. सगळ्यांच्या वर असलेली किंवा निदान सगळ्यांपासून सारखं अंतर ठेवणारी यंत्रणा हवी. दक्षिण आफ्रिकेने यासाठी २०१८ चा स्वतंत्र कायदा केला, त्यात वेगवेगळ्या खात्यांची कार्यकारी गटापासून मंत्र्यांपर्यंतची उतरंड घालून दिलीय, ते वाचण्यासारखं आहे.

इथेच एक कायद्याचा खुंटा नीट बघून घ्या. आर्थिक क्षेत्रात देशाला साधनसंपत्तीवर हक्क असतो, सगळ्या गोष्टींवर नाही. परदेशी जहाजांना तिथून जायचं स्वातंत्र्य आहे, केबल टाकायचंही आहे. तुम्ही तुमच्या नकाशावर जहाजांचा मार्ग वाकवला म्हणून जहाजं वाकणार नाहीत, त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे जाऊन तो मार्ग मान्य करून घ्यावा लागतो. पवनचक्की किंवा तेलफलाटाभोवती सुरक्षा क्षेत्र ठेवता येतं, पण तेही साधारणपणे ५०० मीटरपर्यंतच.

पायरी २: पैसे आणि माणसं

एकदाचा निधी मिळाला की लोक खूश होतात, पण आराखडा बनवायला लागतात त्याहून जास्त पैसे तो पुढची वीस वर्षं चालवायला लागतात, गस्त, मोजमाप, डेटा, दर काही वर्षांनी सुधारणा, नुकसान भरपाई. परदेशी प्रकल्पाचे पैसे तीन-चार वर्षांत संपतात, सल्लागार निघून जातात आणि नकाशांच्या फाइल्स कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये राहतात. म्हणून पहिल्या दिवसापासून डेटा सरकारी सर्व्हरवर आणि स्थानिक माणूस शिकवून तयार, ही अट करारातच घाला.

सेशेल्सने पैशाचा वेगळा मार्ग काढला. २०१६ मध्ये त्यांच्या २ कोटी १६ लाख डॉलरच्या परदेशी कर्जाची फेररचना झाली, त्या बदल्यात त्यांनी समुद्राचा आराखडा करायचं आणि ३० टक्के भाग संरक्षित करायचं वचन दिलं, परतफेडीतला काही पैसा देशातल्याच एका ट्रस्टकडे जायला लागला, आणि मार्च २०२० मध्ये चार लाख चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र जाहीरही झालं. बेलीझने २०२१ ला असाच पण कितीतरी मोठा व्यवहार केला. मॉडेल चांगलं आहे, पण यात आराखड्याचं वेळापत्रक आणि टक्केवारी कर्जाच्या करारात आधीच लिहिलेली असते, मग गावोगावच्या चर्चेत लोकांनी काहीही सांगितलं तरी ३० चे २५ होत नाहीत. असा मार्ग घेणार असाल तर नेमकं काय ठरून गेलंय आणि काय अजून चर्चेला खुलं आहे, हे लोकांना पहिल्याच बैठकीत सरळ सांगा.

पायरी ३: उद्दिष्टं, मोजता येतील अशी

"समुद्राचा शाश्वत विकास" हे उद्दिष्ट नाही, ते भाषणातलं वाक्य आहे. ग्रेट बॅरियर रीफवाल्यांनी फेरआखणी करताना काय केलं ते बघा. आधी सगळ्या क्षेत्राचे ७० जैवप्रदेश (सारखीच जीवसृष्टी असलेले भाग) पाडले, ३० प्रवाळांचे आणि ४० इतर, आणि नियम ठरवला की प्रत्येक जैवप्रदेशाचा किमान २० टक्के भाग पूर्ण मासेमारीबंद. बस, इतकं स्पष्ट. मग गणित मांडायला सॉफ्टवेअर, मतभेद मांडायला लोक, आणि शेवटी २००४ ला जो नकाशा लागू झाला त्यात मासेमारीबंद क्षेत्र ५ टक्क्यांच्या आतून थेट ३३ टक्क्यांवर गेलं.

तुमच्या उद्दिष्टाला तीन प्रश्न विचारा: आकडा आहे का, तारीख आहे का, आणि दोन उद्दिष्टं एकमेकांशी भांडली तर कोणतं वरचढ? तिसरा प्रश्न सगळे टाळतात. दहा गिगावॉट पवनऊर्जा पण हवी, मासेमारी कमी व्हायला नको आणि ३० टक्के संरक्षणही, असं तिन्ही एका पानावर लिहून पुढे जायचं म्हणजे निर्णय खालच्या अधिकाऱ्यावर ढकलणं झालं.

पायरी ४: आत्ता काय चाललंय त्याचे नकाशे (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

आता गाभ्याचं काम. दोन प्रकारची माहिती लागते, निसर्गाची आणि माणसांची. निसर्गाची म्हणजे खोली, तळ कसा आहे, प्रवाह, माशांच्या विणीच्या जागा, कासवं, देवमासे, पक्ष्यांचे मार्ग. यात भोकं भरपूर असतात, जगाच्या समुद्रतळापैकी आधुनिक पद्धतीने मोजलेला भाग अजून चौथ्या हिश्शाच्या आसपासच आहे. भोकं आहेत म्हणून थांबू नका, पण नकाशावर "इथे माहिती नाही" हे वेगळ्या रंगात दाखवा. माहिती नसलेली जागा आणि काही नसलेली जागा एकाच रंगात दाखवली की पुढे सगळा निकाल चुकतो.

माणसांच्या वापरात सगळ्यात सोपा डेटा मोठ्या जहाजांचा. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना एआयएस नावाचं ओळख यंत्र बसवावंच लागतं, त्यातून वर्षभराचे मार्ग नकाशावर रेषांच्या जाळ्यासारखे उमटतात, बघायला फार छान. मोठ्या ट्रॉलर्सवर बऱ्याच देशांत सॅटेलाइट ट्रॅकिंग असतं. आणि लहान होड्या? त्यातल्या बहुतेकांवर काहीच नसतं. म्हणजे जगात मासेमारीतून पोट भरणारे बहुसंख्य लोक ज्या होड्यांवर आहेत त्या या नकाशावर दिसतच नाहीत, त्या बायका ज्या ओहोटीला खडकांवरून शिंपल्या गोळा करतात त्या तर अजिबात नाहीत. मग ऊर्जा कंपनीचा माणूस नकाशा बघतो आणि म्हणतो ही जागा मोकळी दिसतेय.

हे भोक भरायची रीत माहीत आहे, फक्त ती संथ आहे. बंदरावर, गावात जायचं, मोठा छापील नकाशा घेऊन बसायचं, आणि मच्छीमारांनाच त्यावर काढायला सांगायचं. काही गोष्टी सांभाळा:

- नकाशावर अक्षांश-रेखांशापेक्षा त्यांच्या ओळखीच्या खुणा घाला, दीपगृह, टेकडी, खडक, बुडालेलं जहाज, नदीचं मुख. समुद्रावरच्या जागांना त्यांची स्वतःची नावं असतात, ती लिहून घ्या.
- हंगामाप्रमाणे वेगवेगळे कागद ठेवा. एकाच कागदावर वर्षभराचं काढलं तर सगळा समुद्र रंगतो आणि त्याचा उपयोग शून्य.
- होडीच्या मालकाशी बोलून थांबू नका, होडी चालवणारा वेगळा असतो, खलाशी वेगळा, मासे विकणारी बाई वेगळी, आणि चौघांना समुद्राचं वेगवेगळं माहीत असतं.
- वाईट वर्षी कुठे जाता हा प्रश्न विचाराच. नेहमीच्या जागी मासा मिळाला नाही तर जिथे जातात ती जागा साध्या सर्वेक्षणात येत नाही, आणि नेमकी तीच आधी वाटली जाते.
- लोक हातातली खरी जागा सांगायला घाबरतात, त्यात चूक काहीच नाही, ते त्यांचं भांडवल आहे. म्हणून आधी ठरवा की माहिती किती बारीक तपशिलात छापणार, कुणाला दिसणार, आणि ते लिहून द्या. नकाशा छापायच्या आधी परत त्याच गावात नेऊन दाखवा.

हे काम पहिल्या नकाशाच्या आधी झालं पाहिजे. नंतर केलं की ती दुरुस्ती वाटते, आणि दुरुस्तीला फायलीत नेहमी जागा कमी असते.

माहिती नीट गोळा केली की काय होऊ शकतं याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण बोस्टनच्या बंदराचं आहे. तिथे जाणारा जहाजमार्ग देवमाशांच्या दाट वावरातून जायचा, देवमासे दाखवायला नेणाऱ्या बोटींवरच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र करून त्यांची दाटी कुठे असते त्याचा नकाशा झाला, दिसलं की मार्ग थोडा फिरवला तर धोका खूप उतरतो, आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय मंजुरी घेऊन तो फिरवला. बलीन देवमाशांना (तोंडात दातांऐवजी गाळणीसारख्या पट्ट्या असलेल्या) जहाज धडकायची शक्यता ८१ टक्क्यांपर्यंत कमी होईल असा अंदाज होता, आणि त्याची किंमत जहाजांना थोडासा जास्त प्रवास. समुद्रावरचे सगळे वाद इतके गोड सुटत नाहीत, पण काही सुटतात, आणि ते शोधायला आधी नोंदी लागतात.

पायरी ५: कुणाचं कुणाशी जमतं

एक तक्ता करा. आडवे सगळे वापर, उभे तेच वापर, आणि प्रत्येक चौकटीत लिहा: सोबत चालतं, अटींवर चालतं, चालतच नाही. वाळू उपसा आणि केबल, चालत नाही. पवनचक्क्या आणि तळ खरवडणारं ट्रॉलिंग, अवघड. पवनचक्क्या आणि शिंपल्यांची शेती, अटींवर जमू शकतं. नौदलाचा सराव आणि मासेमारी, वेळा ठरवल्या तर जमतं, कारण सराव काही रोज नसतो. यात वेळ हा घटक फार लोक विसरतात, खूप भांडणं जागा न बदलता महिने वाटून सुटतात.

"अटींवर" असं लिहिलेल्या चौकटींवर खरा वेळ घालवा. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ पवनचक्क्या येणार म्हटल्यावर मच्छीमारांचं म्हणणं होतं की जाळी ओढत मधून जाता येणार नाही, मग २०२० मध्ये तिथल्या तटरक्षक दलाने अभ्यास करून शिफारस केली की सगळ्या कंपन्यांनी एकाच सरळ आडव्या-उभ्या रांगांच्या रचनेत, एक-एक नॉटिकल मैल अंतरावर चक्क्या लावाव्यात, म्हणजे सगळीकडून सलग रांगा मिळतील. तरी वाद मिटला नाहीच, पण बोलणं "हवं की नको" वरून "किती अंतर" वर आलं, आणि वाटाघाट तिथेच शक्य होते.

नौदलाला मात्र अगदी सुरुवातीला बोलवा. स्वीडनने २०२२ ला तिन्ही समुद्रांचे आराखडे मंजूर केले, त्यात पवनऊर्जेच्या जागा होत्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने बाल्टिकमधले १३ पवनप्रकल्प एका फटक्यात नाकारले, कारण चक्क्यांमुळे रडारला अडथळा येऊन येणारं क्षेपणास्त्र ओळखायला वेळ कमी मिळाला असता. संरक्षण खातं सगळं उघड सांगणार नाही हे खरं, पण "इथे कधीच नाही" एवढं तरी आधी सांगू शकतं.

पायरी ६: भविष्याचे पर्याय

आजचा नकाशा पुरत नाही, वीस वर्षांनी काय हे बघावं लागतं. निदान तीन चित्रं काढा: आहे तसंच चालू राहिलं तर, ऊर्जेला प्राधान्य दिलं तर, निसर्ग आणि मासेमारीला दिलं तर. प्रत्येकात कुणाचं किती जातं ते आकड्यात. मार्क्सनसारखं सॉफ्टवेअर इथे कामाला येतं, ते कमीत कमी नुकसानीत उद्दिष्ट गाठणाऱ्या जागा सुचवतं, पण "नुकसान" म्हणून तुम्ही त्यात जे भरलं तेच ते वाचवतं. लहान मच्छीमारांचं उत्पन्न भरलंच नाही तर मशीनच्या लेखी ते शून्य. म्हणून निकाल बघायच्या आधी आत काय भरलं ते विचारा.

हवामान बदल तर हिशोबात धरायलाच हवा. ईशान्य अटलांटिकमधला मॅकरेल मासा २००७ च्या सुमारास मोठ्या संख्येने आइसलँडच्या पाण्यात दिसायला लागला आणि कोट्यावरून देशादेशांत वर्षानुवर्षं वाद झाले. मासा सरकतो, तुमची झोनची रेघ सरकत नाही. त्यामुळे विणीच्या जागा जपायच्या तर आजची जागा आणि पुढे जिथे सरकेल असं वाटतं ती जागा, दोन्ही धरून ठेवणं शहाणपणाचं, आणि आराखड्यात ठराविक काळाने रेघा हलवायची तरतूद आधीच हवी.

पायरी ७: मसुदा, हरकती, मंजुरी

मसुद्यात नकाशा अर्धा आणि नियम अर्धे. प्रत्येक झोनसाठी लिहा: काय चालतं, काय नाही, परवानगी कोण देतं, आधीपासून चालू असलेल्या वापराचं काय. शेवटचा मुद्दा सुटला तर पहिल्याच वर्षी कोर्टात जाल.

लोकांच्या सूचना घेणं हे दाखवण्यापुरतं होऊ नये याची एकच कसोटी आहे, सूचनांमुळे नकाशा बदलला का. ग्रेट बॅरियर रीफच्या वेळी दोन फेऱ्यांत मिळून ३१ हजारांवर निवेदनं आली, नकाशातल्या कितीतरी रेघा लोकांच्या सांगण्यावरून हलल्या आणि तरीही प्रत्येक जैवप्रदेशाची २० टक्क्यांची अट सांभाळली. हे शक्य झालं कारण उद्दिष्ट पक्कं होतं आणि जागा लवचिक होती. उलट केलं, म्हणजे जागा आधी ठरवली आणि उद्दिष्टाबद्दल लोकांना विचारत बसलं, तर काहीच हाती लागत नाही.

त्याच प्रकरणातली दुसरी बाजूही सांगायला हवी. मासेमारी बंद झाल्यामुळे ज्यांचं नुकसान झालं त्यांना द्यायची मदत सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट वाढून २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली, कारण होडीवाल्यासोबत बर्फवाला, दुरुस्तीवाला, मासे विकणारा, सगळ्यांचंच नुकसान होतं आणि ते आधी मोजलं नव्हतं. तुम्ही आधी मोजा. भरपाईची तरतूद मसुद्यासोबतच जाहीर झाली तर लोक ऐकून घेतात.

आदिवासी आणि पारंपरिक समाजांचे हक्क इथे "भागधारक" या यादीत टाकून मोकळं होऊ नका, कंपनी आणि तो समाज एका रांगेत बसत नाहीत. चिलीने २००८ ला 'लाफकेंचे' नावाचा कायदा केला ज्याने किनाऱ्यावरच्या आदिवासी समाजांना त्यांच्या परंपरागत सागरी जागांवर वहिवाटीच्या आधारे हक्क मागता येतो. त्याच्या अर्जांना वर्षानुवर्षं लागतात आणि सॅल्मन माशाच्या शेतीवाल्यांशी झगडे चालू असतात, पण कायद्यात दार तरी आहे. बऱ्याच देशांत तेही नाही.

पायरी ८: अंमलबजावणी आणि सुधारणा

मंजूर झाल्यावर पहिलं काम, प्रत्येक खात्याच्या परवानगीच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा: ही जागा आराखड्याच्या कोणत्या झोनमध्ये येते आणि मागणी त्यात बसते का. साधी गोष्ट, पण आराखडा रोजच्या कामात उतरतो तो असाच. झोनच्या सीमा मोबाइलवर दिसतील अशा द्या, जिथे जमेल तिथे सीमा सरळ रेषेत आणि ओळखीच्या खुणांवर ठेवा, कारण समुद्रात उभ्या माणसाला वाकडीतिकडी रेघ कळत नाही.

मोजायचं काय ते आधीच ठरवून पहिल्या वर्षाचे आकडे घेऊन ठेवा, नाहीतर सहा वर्षांनी तुलना कशाशी करणार. बेल्जियमचा पहिला बंधनकारक आराखडा २०१४ ते २०२० आणि दुसरा २०२० ते २०२६, म्हणजे दोन्ही सहा-सहा वर्षांचे. युरोपियन युनियनची अट निदान दहा वर्षांतून एकदा आढावा अशी आहे, पण पवनऊर्जा ज्या वेगाने पसरतेय ते बघता दहा वर्षं फार होतात असं माझं मत. शेजारी देशांचे आराखडेही याच वेळी शेजारी ठेवून बघा, सीमेच्या या बाजूला संरक्षित क्षेत्र आणि त्या बाजूला लगेच वाळू उपसा असं व्हायला नको.

मसुदा तुमच्या हातात आला तर

शेवटचं, जे सरकारात नाहीत त्यांच्यासाठी. मसुदा जाहीर झाला की मुदत सहसा थोडी असते, त्यामुळे सगळा वाचत बसू नका. आधी तुमच्या जागेचा नकाशा काढा आणि तुम्ही करता तो वापर त्यावर आहे का बघा. नसेल तर हरकतीचा पहिला मुद्दा तोच, आणि सोबत तुमचा हाताने काढलेला नकाशा, हंगाम, होड्यांची संख्या, मासे उतरवल्याच्या पावत्या, जे असेल ते जोडा. मग डेटाची यादी बघा, मासेमारीची माहिती कुठून घेतलीय, फक्त ट्रॅकिंग असलेल्या बोटींची असेल तर तसं नाव घेऊन लिहा. मग "आधीपासूनच्या वापराचं काय" हे कलम शोधा आणि त्यातला "शक्य असल्यास" सारखा सैल शब्द बदलून मागा. "आमचा विरोध आहे" एवढंच लिहिलेलं निवेदन मोजलं जातं पण त्यातून रेघ हलत नाही, "ही रेघ अमुक खडकाच्या पश्चिमेला दोन मैल सरकवा, कारण अमुक महिन्यांत अमुक इतक्या होड्या इथे असतात" असं लिहिलेल्याला उत्तर द्यावं लागतं. गावाची, संघटनेची एकत्र हरकत द्या पण सोबत वेगवेगळ्या वापराची वेगळी पत्रंही द्या. पोच घ्या, लेखी उत्तर मागा, आणि ते सगळं संघटनेच्या दप्तरात जपून ठेवा, कारण पुढच्या आढाव्याच्या वेळी अधिकारी बदललेले असतील आणि या जागेवर तुमचा वापर आधीपासून होता हे दाखवायला तीच फाइल लागेल.